पडद्यावरचे रक्त आणि तीन कात्र्या



ज्या गावाच्या नावालाच ‘स्टेशन’ हे शेपूट जोडलेले आहे, त्या गावात चित्रपटाविषयी बोलताना आगगाडीपासून आरंभ करावा हे उचित होय.

1903 साली अमेरिकेत एडविन पोर्टर यांनी ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ नावाचा सुमारे बारा मिनिटांचा मूकपट काढला. दरोडेखोर तारमास्तराला बांधून घालतात, गाडी ताब्यात घेतात, उतारूंना लुटतात, घोड्यांवरून पळतात आणि शेवटी पाठलागात मारले जातात, इतकीच त्याची गोष्ट. पुढे घोडा, पिस्तूल आणि धुरळा यांचे जे शेकडो काऊबॉयपट निघाले, त्यांच्या मूळपुरुषांत त्याची गणना होते. त्यातील दोन गोष्टी आज आपण ध्यानात ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली अशी की, इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर झटापट होते, एकाच्या डोक्यात कोळशाचा तुकडा घातला जातो आणि त्याला धावत्या गाडीवरून खाली फेकतात. फेकण्याच्या नेमक्या क्षणी माणसाच्या जागी कपड्यांची बाहुली ठेवलेली आहे. दुसरी गोष्ट अशी की, एका दृश्यात दरोडेखोरांचा नायक थेट प्रेक्षकांकडे तोंड करतो, पिस्तूल रोखतो आणि गोळी झाडतो. हे दृश्य आरंभी लावावे की शेवटी, हे खेळ करणाऱ्याने आपल्या मर्जीप्रमाणे ठरवावे, असे कंपनीने कळविले होते. म्हणजे त्या गोळीला कथेत जागाच नव्हती. ती केवळ आपल्यासाठी होती.

बाहुली आणि बंदूक. हाणामारीच्या चित्रपटांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोहोंत सामावला आहे, असे मला वाटते. पडद्यावर किती रक्त सांडले, असा प्रश्न आपण नेहमी विचारतो. आईबाप तोच विचारतात, वर्तमानपत्रे तोच विचारतात आणि परीक्षण मंडळेही तोच विचारतात. पण विचारावयाचा खरा प्रश्न निराळा आहे. पडली ती बाहुली की माणूस? बाहुली पडली तर थेंबभर रक्त न दाखविताही ते दृश्य खोटे, आणि माणूस पडला तर काहीही न दाखविता ते खरे. हे म्हणणे आपल्या महाराष्ट्राच्याच इतिहासातून तपासून पाहू.

कीचक : ग्रंथातला आणि रंगमंचावरचा

रंगभूमीवर वध दाखवू नये, ही भरताच्या नाट्यशास्त्राची शिकवण. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न आणता कोणाच्या तरी तोंडून सांगाव्यात, असे तेथे म्हटले आहे. अर्थात नियम तेथे अपवाद, आणि भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो. पण सांगणे आणि दाखविणे यांत अंतर आहे, ही जाण आपल्या पूर्वसूरींना पुरेपूर होती.

सांगण्यात मात्र त्यांनी हात आखडला नाही. विराटपर्वातील कीचकवध आठवा. द्रौपदी सैरंध्री होऊन विराटाच्या घरी दासीपण करीत आहे, राणीचा भाऊ कीचक तिच्यावर हात टाकतो, भर सभेत तिला लाथ मारतो आणि धर्मराज अज्ञातवासाच्या भयाने गप्प बसतो. मग रात्री नृत्यशाळेत भीम त्याला गाठतो आणि त्याचे हात, पाय, मान, सारे धडात दडपून एक मांसाचा गोळा करतो. याचे डोके कोठे आणि पाय कोठे, असा पाहणाऱ्यांस प्रश्न पडतो. आजचा कोणताही हाणामारीचा चित्रपट याहून पुढे गेलेला नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या ही कथा कीर्तनांतून आणि पुराणांतून घराघरांत ऐकली गेली, कारण त्या वधाआधी एका स्त्रीचा अपमान आणि पाच पतींची लाचारी श्रोत्यांनी अंगावर घेतलेली असे.

ही कथा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी उचलली. 1907 साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांस कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मध्यंतरी एक घटना घडली, आणि तिचा संबंध आपल्या जिल्ह्याशी आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. जिल्हाधिकारी जॅक्सन यांना निरोप देण्यासाठी तो योजला होता. तेथे अवघ्या सतरा-अठरा वर्षांच्या अनंत लक्ष्मण कान्हेरे याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हा मुलगा औरंगाबादेत राहून शिकत होता. औरंगाबादहून नाशिकला रेल्वेने जायचे तर मनमाड गाठावे लागे, आणि मनमाड गाठायचे तर हेच आपले लासूर ओलांडावे लागे. त्याला, कृष्णाजी कर्वे यांना आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

यातील एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. देवलांचे ‘शारदा’ हे बालाजरठ विवाहाचे नाटक. त्यात वध नाही, सूड नाही, भीमही नाही. खरी गोळी सुटली ती अशा नाटकाच्या वेळी, आणि ती प्रेक्षकांत सुटली. तरुणांच्या हाती पिस्तूल नाटकाने दिले की परक्या राज्याने, हा प्रश्न त्या सरकारला पडला नाही. पुढल्याच वर्षी, 1910 साली, ‘कीचकवधा’वर बंदी आली.

ही पहिली कात्री. तिने रक्त कापले नाही, अर्थ कापला. कीचक मेल्याचे सरकारला दुःख नव्हते. कीचक कोण, हे लोकांना कळले याचे दुःख होते.

कोल्हापूरचा भीम

दहा वर्षे गेली. कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री नावाचा कलावंत नाटकांचे पडदे रंगवीत असे. लोक त्याला बाबूराव पेंटर म्हणत. चुलतभाऊ आनंदराव आणि तो, दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. आनंदराव 1916 साली वारले. बाबूरावांनी हिंमत न सोडता स्वतःच्या कारागिरीने कॅमेरा सिद्ध केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि पहिल्या चित्रपटासाठी विषय निवडला तो कीचकवधाचाच. चित्रपटाचे नाव ‘सैरंध्री’. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याच्या त्या काळात त्यांनी स्त्रियांनाच पडद्यावर आणले. 7 फेब्रुवारी 1920 रोजी तो पुण्यात दाखविला गेला. बाबूरावांच्या कामावर लोकमान्य टिळक प्रसन्न झाले आणि त्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

त्या चित्रपटातील भीम-कीचकाचे द्वंद्व आणि कीचकाचा शेवट इतका हुबेहूब वठला होता की प्रेक्षकांना ते पाहवेना. कोणी किंकाळी फोडली, कोणी मूर्च्छित पडले, असे जुने लोक सांगत आले. अखेर सरकारी हुकमावरून ते दृश्य काढून टाकावे लागले. 1918 साली सिनेमॅटोग्राफ कायदा झाला होता आणि 1920 साली मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे परीक्षण मंडळे उभी राहत होती. नव्या कात्रीला धार लावली जात होती, तेवढ्यात हा कीचक तिच्याखाली सापडला.

ही दुसरी कात्री. खाडिलकरांचा कीचक मारला गेला तो रूपकामुळे, बाबूरावांचा कीचक कापला गेला तो खरेपणामुळे. पुराणात, कीर्तनात, नाटकात हाच वध लोकांनी शतकानुशतके अनुभवला होता, मग पडद्यावरच मूर्च्छा का यावी? कारण कीर्तनात कीचक आपण आपल्या मनात मारतो, आपल्याला सोसेल इतकाच मारतो. कॅमेरा ही मुभा देत नाही. बाबूरावांनी बाहुली फेकली नाही, माणूस मरताना दाखविला, आणि समोर बसलेल्यांना न्यायाचा आनंद होण्याआधी मरणाची भीती वाटली. त्या मूर्च्छेत मला प्रेक्षकांचा दुबळेपणा दिसत नाही, माणुसकीच दिसते. दुर्दैवाने तो चित्रपट आज उपलब्ध नाही. कापलेले दृश्य गेले, आणि न कापलेलेही गेले.

पण या कथेतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग पुढचा आहे. याच बाबूरावांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची, आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. सावकाराच्या फसवणुकीने शेतकऱ्याची जमीन जाते, घर मोडते आणि तो शहरात गिरणीत मजुरीला जातो. येथे गदा नाही, तलवार नाही, भीम तर नाहीच. हत्यार म्हणाल तर एक कागद. कापसाचा भाव, कर्जाचा हप्ता आणि आभाळाकडे लागलेले डोळे ज्यांच्या घरातले आहेत, त्या आपल्या गंगापूर-वैजापूरकडील माणसांना ही हिंसा म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. ज्या माणसाने कीचकाचा वध सर्वांत खरा दाखविला, त्यानेच पाच वर्षांनी सांगितले की रक्ताचा थेंब न सांडताही माणूस मारता येतो. कीचकाच्या मरणाने मूर्च्छित होणारा समाज या मरणाने मात्र मूर्च्छित होत नाही, कारण ते त्याला रोज दिसते.

घोडेस्वारांच्या देशात

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेतील चित्रपटधंद्याने 1930 साली स्वतःसाठी एक आचारसंहिता केली आणि 1934 पासून ती कडकपणे पाळली. क्रूर वध तपशिलाने दाखवू नयेत, असा त्यात नियम होता. परिणाम काय झाला? काऊबॉयपटांत माणसे कमी मेली असे नाही. ती डझनांनी मेली, पण छातीला हात लावून, शर्टाची घडी न मोडता मेली. जखम गेली, मौज उरली. 1903 सालची बाहुली परत आली, फरक इतकाच की आता बाहुलीचे काम जिवंत नट करू लागले.

हा खोटेपणा ज्याला सोसवेना, तो दिग्दर्शक युद्ध पाहून आलेला होता. जॉर्ज स्टीव्हन्स हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर कॅमेरा घेऊन गेले होते. 1945 साली दाखाऊच्या छळछावणीत त्यांनी जे पाहिले, ते त्यांच्या पथकाने चित्रित केले. परत आल्यावर 1953 साली त्यांनी ‘शेन’ हा काऊबॉयपट काढला. त्यात एक भाडोत्री मारेकरी एका गरीब शेतकऱ्याला चिखलाच्या रस्त्यात गोळी घालतो. स्टीव्हन्स यांनी गोळीचा आवाज मुद्दाम मोठा केला आणि नटाच्या अंगाला तारा बांधून त्याला मागे खेचले. गोळी लागताच तो माणूस हिसडा बसून चिखलात कोसळतो आणि तसाच पडून राहतो. रक्त नावालाही दिसत नाही. पण गोळी म्हणजे काय, हे त्या एका दृश्याने पडद्याला शिकविले.

पुढे व्हिएतनामचे युद्ध घरोघर दूरदर्शन संचावर दिसू लागले. 1967 साली आर्थर पेन यांचा ‘बॉनी अँड क्लाइड’ आला, 1969 साली सॅम पेकिन्पा यांचा ‘द वाइल्ड बंच’ आला. नटांच्या कपड्यांखाली दारूच्या बारीक पुड्या आणि लाल पाण्याच्या पिशव्या बांधून त्या फोडल्या जाऊ लागल्या, आणि पडणारा देह अनेक कॅमेऱ्यांनी टिपून संथ गतीने दाखविला जाऊ लागला. मधल्या 1968 साली जुनी संहिता जाऊन वयाप्रमाणे वर्गवारी आली. हेतू असा की लोकांनी मरणाकडे डोळे उघडून पाहावे. पण लवकरच तेच संथ गतीचे रक्त नाचासारखे सुंदर दिसू लागले, आणि त्याची नक्कल करणाऱ्यांनी सौंदर्य तेवढे घेतले. पुष्कळ रक्त म्हणजे पुष्कळ सत्य नव्हे, हा धडा त्या देशाला महागात पडला.

तिसरी कात्री

15 ऑगस्ट 1975 रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला. देशात आणीबाणी लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक चालला. काऊबॉयपटाचा सारा सरंजाम त्यात देशी मातीत उतरला आहे, आणि आरंभीची मोठी लढाईही आगगाडीवरचीच आहे.

त्यातील दोन प्रसंग पाहा. आपले सचिन पिळगावकर त्यात इमामसाहेबांच्या अहमदची भूमिका करतात. दरोडेखोर त्याला पकडून गब्बरसमोर आणतात. गब्बर स्वतःच्या हातावरून चालणारी मुंगी चिरडतो, आणि मग घोड्यावरून त्या पोराचे प्रेत गावात येते. मधले काही आपण पाहत नाही. ती मुंगी ज्याने पाहिली, तो ती विसरलेला नाही. पुढे बापाचा हात धरून त्याला नमाजाला कोण नेणार, असा प्रश्न पडतो, तेव्हा त्या मरणाचे ओझे साऱ्या गावावर येते. येथे माणूस पडला.

दुसरा प्रसंग शेवटचा. हात नसलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला चिरडून मारतो, असा मूळ शेवट चित्रित झाला होता. पूर्वी पोलीस अधिकारी असलेल्या माणसाने कायदा हातात, किंबहुना पायात घ्यावा, हे परीक्षण मंडळाला मानवेना. शेवट बदलला. पोलीस येतात आणि गब्बरला घेऊन जातात. मूळ शेवट जोडलेली प्रत 2025 साली इटलीतील बोलोन्या येथे जाहीरपणे दाखविली गेली. मध्ये बरोबर 50 वर्षे लोटली.

आता ही तिसरी कात्री पहिल्या दोहोंशेजारी ठेवून पाहा. भीमाने चिरडलेला कीचक आणि ठाकुराने चिरडलेला गब्बर, एकाच साच्यातले. 1910 साली परक्या सरकारला रूपकाचे भय वाटले, 1920 साली जखमेचे, आणि 1975 साली कायद्याच्या अब्रूचे. ज्या दिवसांत नागरिकांचे मूलभूत हक्कच स्थगित होते, त्या दिवसांत पडद्यावरचा कायदा मात्र वेळेवर पोहोचला पाहिजे, असा आग्रह होता! कात्री प्रत्येक वेळी धरणाऱ्याच्या भीतीप्रमाणे चालली. प्रेक्षकाच्या भल्याचे नाव तिन्ही वेळा घेतले गेले असेल, पण त्या भल्याचे मोजमाप कोणी केल्याचे दिसत नाही.

म्हणून का कात्री मोडून टाकावी? तसे मी म्हणत नाही. 1970 साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षणाचा अधिकार मान्य केला. निकाल देणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला हे नागपूरला शिकलेले. त्यांच्या निकालाचा आशय असा की, विषय भयंकर आहे म्हणून कात्री चालवू नये, तो कसा हाताळला आहे हे पाहावे. याहून नेमका निकष मला सुचत नाही. 2024 साली वयाची वर्गवारी आणखी बारीक करून सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे आले, हेही ठीकच झाले. पण तिकीटघरावरचा शिक्का खिशातल्या मोबाईलला लागू होत नाही. तेथे दार राखणारा कोणीच नाही. तेथे निवड करावयाची ती आपण, आणि मुलांना शिकवावयाची तीही आपणच.

कात्री आपल्या हातची

येथे एक अवघड गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्या मराठवाड्याने हिंसा पडद्यावर पाहण्याआधी अंगणात पाहिली आहे. रझाकारांचे अत्याचार आपण सांगतो, सांगितलेच पाहिजेत. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या दिवसांतील पोलीस कारवाईने त्या राजवटीचा शेवट झाला, याचा आपण दरवर्षी उत्सव करतो, तोही रास्त आहे. परंतु त्यानंतरच्या दिवसांत नांदेड, उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर जे गुदरले, त्याची चौकशी करण्यास केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती धाडली होती. तिचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. 2013 च्या सुमारास तो दिल्लीतील ग्रंथालयात वाचावयास मिळू लागला. त्या दृश्यावर कात्री कोणी चालविली? सरकारने तर चालविलीच, पण आपल्या स्मरणानेही चालविली. आपला माणूस पडला तेव्हा तो माणूस होता, आणि दुसऱ्याचा पडला तेव्हा ती बाहुली झाली. हाणामारीचा वाईट चित्रपट आपल्याला हेच शिकवितो, आणि म्हणूनच तो घातक आहे. रक्त दाखवितो म्हणून नव्हे, कोणाचे मरण मोजावयाचे नाही हे तो हळूच ठरवून देतो म्हणून.

या अंगाने पाहता नागराज मंजुळे यांचे दोन चित्रपट मला बाबूरावांच्या वंशातले वाटतात. 2016 सालच्या ‘सैराट’चा शेवट आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. माहेरची माणसे भेटी घेऊन येतात, चहा होतो. शेजारणीबरोबर गेलेले लहान मूल परत येते. पडद्यावरचा आवाज बंद झालेला असतो. वार होताना दिसत नाहीत. मूल रडत बाहेर निघते आणि त्याची इवली लाल पावले जमिनीवर उमटतात. ज्या प्रेक्षकांनी चित्रपटभर गाण्यांवर ताल धरला, ते तेथून मुक्याने उठले. 1920 सालची मूर्च्छा 96 वर्षांनी परत आली, आणि या खेपेस कोणी वध दाखविलाही नव्हता.

आणि 2013 सालचा ‘फँड्री’. गावाने हिणवलेला कैकाड्याचा पोर जब्या शेवटी एक दगड उचलतो आणि फेकतो. तो दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो, आणि पडदा काळा होतो.

1903 साली एका दरोडेखोराने प्रेक्षकांवर गोळी झाडली. ती आरंभी लावा की शेवटी, काही बिघडत नव्हते, कारण ती कोणालाच लागावयाची नव्हती. जब्याच्या दगडाची जागा मात्र बदलता येत नाही. तो शेवटीच यावा लागतो, कारण तोवर आपण सारे काही पाहत बसलेले असतो आणि जागचे हाललेले नसतो. आज घरी गेल्यावर मुलांच्या हातातील चित्रे पाहाल, तेव्हा रक्त किती आहे ते मोजत बसू नका. पडला तो कोण होता, आणि त्याच्या घरी आज कोणी रडले का, एवढेच मुलांना विचारा. उत्तर देण्यास मूल क्षणभर थबकले, तरी माझ्या दृष्टीने पुष्कळ झाले.